मेजर नेगींनी उचललेला बेलभंडार

मेजर नेगी स्वतःचे बूट स्वतः पुसत, ही गोष्ट आमच्या कचेरीतल्या शिपायांना शेवटपर्यंत पचली नाही. सकाळी सात वाजता ते कचेरीच्या पायरीवर बसत. मांडीवर फडकं, शेजारी पॉलिशची डबी आणि समोर चार शिपाई हात बांधून उभे. हे चौघेही निजामाच्या अमलात मुरलेले. तहसीलदारसाहेबांना हुक्क्याची नळीसुद्धा आपल्या हातानं उचलावी लागू नये, याची काळजी घेण्यात त्यांची उमर गेली होती. एकदा त्यातल्या थोरल्याला राहवलं नाही. तो मला म्हणाला, "मुन्शी, सायबाला इचारा की. आमच्या हातचं काय वाईट हाय? बूट बी तेच पुसत्यात, पानी बी तेच घेत्यात. मग आमी निस्तं हुबं राहायचं व्हय?"

मी विचारलं. मेजर फडकं न थांबवता म्हणाले, "इनसे कहो, खड़े रहना भी काम है. मैंने फ़ौज में बरसों यही किया है."

शिपाई खूश झाले. नुसतं उभं राहणं हे सरकारी काम आहे असं इतक्या मोठ्या माणसानं सांगितल्यावर ते पहिल्यापेक्षा ताठ उभे राहायला लागले. मेजरांचं हे असं होतं. एका वाक्यात माणूस खिशात टाकत. मलाही टाकला होता. मला हा माणूस फार आवडला होता, हे मी आधीच सांगून टाकतो. नसता आवडला, तर पुढं जे झालं त्याचा इतका जाच झाला नसता.

मी तेव्हा तालुक्याच्या कचेरीत अहलकार होतो, म्हणजे कारकून. घरी मराठी, बाजारात थोडं कानडी आणि कचेरीत उर्दू, असं आमचं तीन तोंडांनी चालायचं. फायली उर्दूत, अर्ज उर्दूत, आणि अर्ज देणारा अणदूर-जळकोटचा शेतकरी, ज्याला त्यातलं अक्षर कळत नसे. मग तो आमच्यासारख्याला विनवण्या करी. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचा अंमल संपला, हैदराबादला लष्करी गव्हर्नर बसले आणि आमच्या तालुक्याला हे मेजर आले. मुलकी राज्य येईपर्यंतची सोय म्हणून. तेवढ्या काळापुरते कलेक्टर तेच, मुन्सफ तेच आणि फौजदारही तेच. लोक त्यांना 'छोटे गव्हर्नर' म्हणत. ते गढवालकडचे, पहाडातले. बुटके, तांबूस वर्णाचे, ब्रह्मदेशच्या लढाईत एका कानाची पाळी गमावलेले. मराठीचा गंध नाही, उर्दू वाचता येत नाही. म्हणून मी त्यांच्याबरोबर सावलीसारखा. माझं नाव त्यांनी एकदाच विचारलं आणि त्यानंतर कायम 'मुन्शीजी' म्हणूनच हाक मारली.

कचेरीत तहसीलदारांची गादी होती, लोड-तक्क्यांची. मेजर तिच्यावर एकदाही बसले नाहीत. त्यांनी बाहेरच्या लिंबाखाली एक लाकडी खुर्ची ठेवली, आणि पहिला हुकूम काढला तो असा, की अर्जदारांसाठी सावलीत बाकं टाका. आमच्या तालुक्यात कचेरीपुढं माणूस बसू शकतो, हे लोकांना त्या दिवशी कळलं. पहिले चार दिवस कोणी बसेना. बाकाच्या शेजारी खाली उकिडवे बसत.

पण खुर्चीही नावालाच. मेजर फिर्याद ऐकत ती चालताना. कचेरीपासून बारवेपर्यंत जायचं आणि परत लिंबाखाली यायचं. फिर्यादी डावीकडं, त्याचा विरोधक उजवीकडं आणि मी मागून तरजुमा, म्हणजे भाषांतर करत, धापा टाकत. लिंबाखाली पोचलो की निकाल. "चलता आदमी कम झूठ बोलता है," असं त्यांचं म्हणणं. ते कितपत खरं देव जाणे, पण चालता माणूस कमी बोलतो एवढं मी छातीठोक सांगतो. माझ्या तर चपला झिजल्या.

येरमाळ्याकडचे दोघं भाऊ आले होते, विहिरीच्या पाळीवरून भांडत. थोरला म्हणे दिवसाची पाळी माझी, धाकटा म्हणे माझी. मेजरांनी त्यांना भर उन्हात बारवेपर्यंत नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं. तिसऱ्या खेपेला धाकटा मटकन खाली बसला आणि थोरल्याकडं बघून म्हणाला, "घे बाबा, तूच घे दिवसाची. पर ह्या सायबाला थांबीव." थोरल्याला हसू आलं. मग धाकट्यालाही आलं. निकाल द्यायची वेळच आली नाही. दोघं एकाच बाकावर बसून पाणी प्याले.

आणखी एक सांगतो. एका धनगराच्या म्हातारीची कोंबडी मेजरांच्या तुकडीतल्या एका शिपायानं उचलली आणि खाल्ली. म्हातारी थेट लिंबाखाली आली. तिला चालवायची मेजरांची हिंमत झाली नाही, तिनंच त्यांना बसवलं. मेजरांनी त्या जवानाला बोलावून दुसरी कोंबडी आणायला लावली, त्याच्याच हातानं म्हातारीला द्यायला लावली. म्हातारीनं ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "ही काळी हाय. माजी तांबडी हुती."

मी तरजुमा केला. मेजर गंभीरपणे म्हणाले, "अम्मा, लाल वाली तो गई."

"गेली म्हंजी? ती रोज अंडं द्यायची. हिचं मला काय ठावं?"

मग मेजरांनी हुकूम दिला की ही काळी अंडं देईपर्यंत त्या जवानानं रोज म्हातारीचं पाणी भरायचं. कोंबडीनं अकरा दिवस लावले. रोज सकाळी तो धिप्पाड जवान घागर घेऊन ओढ्याकडं जाताना सगळा गाव बघे. बाराव्या दिवशी म्हातारी अंडं घेऊन कचेरीत आली, ते तिनं मेजरांच्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता लेकराला. लई राबलं." असा न्याय आम्ही कधी बघितला नव्हता. लोक त्यांच्या नावानं वेडे झाले, आणि मीही त्या लोकांतलाच.

एक गोष्ट मात्र मला खटकत असे. मेजर काही लिहून देत नसत. "पहले बात, काग़ज़ बाद में," हे त्यांचं पालुपद, आणि ते 'बाद में' कधी येत नसे. विहिरीच्या पाळीचा कागद नाही, बांधाच्या निकालाचा नाही. मी कारकून. कागदावर नाही ते झालंच नाही, ही शिकवण माझ्या हाडात मुरलेली. मी एकदा भीत भीत म्हटलं, "साहेब, दोन ओळी करून ठेवतो, सही तेवढी..." ते थांबले. माझ्याकडं वळून म्हणाले, "मुन्शीजी, मेरी ज़बान पर शक है?"

मी लाजलो. खरंच लाजलो. कागदांनी गांजलेल्या मुलखात एक माणूस नुसत्या शब्दावर राज्य चालवतोय, आणि मी त्याच्याकडं सही मागतोय! त्यानंतर मी कधी मागितली नाही. लोकांनाही कागद नकोच होता. कागदानं त्यांचं कधी भलं केलं नव्हतं.

आता हुसेनभाईंचं सांगितलं पाहिजे.

हुसेनभाई आत्तार यांचं अणदूरला खंडोबाच्या देवळाकडं जाणाऱ्या वाटेवर दुकान होतं. बांगड्या, कुंकू, अत्तर आणि भंडारा. देवाची मूर्ती वर्षातला काही काळ नळदुर्गाला असते; देव नळदुर्गाला गेला की हेही पथारी घेऊन नळदुर्गाला जात, देव परत अणदूरला आला की हेही परत. तीस वर्षं हा क्रम. जत्रेत उधळला जाणारा भंडारा बराचसा त्यांच्या गोणीतला. रझाकारांच्या काळात गावातल्या मुसलमान तरण्या-म्हाताऱ्यांची नावं एका यादीत चढली, तशी त्यांचंही चढलं. 'नको' म्हणायची सोय नव्हती. त्यांनी काठीसुद्धा हातात धरली नाही हे सगळ्या गावाला ठाऊक. पण पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि जिकडंतिकडं सूड सुरू झाला, तेव्हा कोणाला ठाऊक आहे आणि कोणाला नाही याला काही किंमत राहिली नाही. हुसेनभाई आणि आणखी सहाजण गाव सोडून आळंदच्या बाजूला पाहुण्यारावळ्यांत जाऊन लपले. मागं राहिली त्यांची बायको खैरूनभाभी आणि दोन मुली. दुकानाची किल्ली शिवलिंगप्पांकडं. शिवलिंगप्पा लिंगायत, कापडाचे व्यापारी, हुसेनभाईंचे शेजारी. गावातली काही पोरं गांधीटोप्या घालून नव्यानंच देशभक्त झाली होती, त्यांचा त्या दुकानावर डोळा. शिवलिंगप्पा किल्ली कमरेला बांधून हिंडत. "हुसेन येतो की. त्याचं दुकान, त्योच उघडतो," एवढंच बोलत.

मेजरांनी दवंडी दिली, की जे पळालेत त्यांनी स्वतःहून हजर व्हावं, हजर होईल त्याला हात लागणार नाही, त्याच्यावर खटला होणार नाही. कोणी आलं नाही. मग एक दिवस खैरूनभाभी माझ्या घरी आल्या. ओट्याच्या खालीच उभ्या राहिल्या.

"मुन्शीभाऊ, ह्यांचा निरोप आलाय. म्हन्त्यात, दवंडीवर म्या येत न्हाय. सायबानं खंडोबाम्होरं बेलभंडार उचलावा. उचलला तर सातीच्या सात येतो."

बाहेरच्या वाचकाला यात नवल वाटेल. एक मुसलमान आत्तार खंडोबाची शपथ मागतो, तीही पहाडातल्या एका फौजी अफसराकडं. आम्हाला काही नवल वाटलं नाही. हुसेनभाईंचं आयुष्य त्या देवाच्या दारात गेलं होतं. बेलभंडार उचलून कोणी शब्द फिरवलेला त्यांनी पाहिला नव्हता, मीही नव्हता. आमच्याकडं बेलभंडार उचलायचा म्हटलं की खऱ्या बाजूचा माणूससुद्धा दोन दिवस जेवत नाही. बायको रडते, भाऊबंद अडवतात. निम्मे लोक देवळाच्या पायरीवरून माघारी फिरतात आणि तडजोड करतात. ही आमच्या मुलखाची मोठी कचेरी होती, आणि तिथं तरजुमा लागत नसे.

मी मेजरांना सांगितलं. "बेलाचं पान आणि देवाचा भंडारा हातात घेऊन बोलायचं. मग ते बोलणं मोडत नाही."

"और तोड़ दे तो?"

"मोडलेलं मी बघितलं नाही, साहेब."

"अच्छा," ते म्हणाले. "चलो, फिर कल ही चलते हैं."

दुसऱ्या दिवशी आम्ही अणदूरला गेलो. गाव लोटला होता. मेजरांनी बूट काढले, हातपाय धुतले, टोपी काखेत धरली. पुजाऱ्याला विचारून घेतलं, कसं धरायचं, कुठल्या हातात. मग देवापुढं उभे राहिले, ओंजळीत बेल आणि भंडारा घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, की जो आपणहून येईल तो माझ्या हिफाजतीत आहे, त्याच्या केसाला धक्का लागणार नाही. मी तरजुमा केला. माझा आवाज कापत होता, त्यांचा नाही. लोकांनी 'येळकोट येळकोट' म्हणून भंडारा उधळला. मेजरांच्या खाकी कपड्यांवर पिवळे डाग पडले, ते त्यांनी झटकले नाहीत. खैरूनभाभी देवळाच्या बाहेर, पदर डोळ्याला लावून उभ्या होत्या.

शिवलिंगप्पा माझ्या शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "मुन्शी, लई लौकर उचलला की हो."

मी त्यांना दटावलं. म्हटलं, "फौजी माणूस आहे अप्पा. त्यांचं सगळंच झटपट."

पुढं खैरूनभाभींनी मला पुन्हा विचारलं, हे मला विसरता येत नाही. "भाऊ, तुमी सांगा. येऊ देऊ का?" मी म्हणालो, "बेलभंडार उचललाय भाभी. आता काय राहिलं? येऊ द्या." मी म्हणालो. मेजर नव्हे, मी.

आठवड्याभरात सातहीजण आले. लिंबाखाली रांगेत उभे राहिले. मेजरांनी प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि घरी जायला सांगितलं. शिवलिंगप्पांनी कमरेची किल्ली सोडून हुसेनभाईंच्या हातात दिली आणि त्यांच्याबरोबर जाऊन दुकानाचं कुलूप काढलं. आत बांगड्यांवर बोटभर धूळ. टोपीवाली पोरं लांबून बघत होती, पण मेजरांची जीप रस्त्यावर उभी होती. त्या दिवशी मेजर दुकानाच्या पायरीवर बसून बिनदुधाचा चहा प्याले. हुसेनभाई त्यांना अत्तराचा फाया द्यायला गेले तर हसून कान पुढं केला, तोच, पाळी नसलेला. "इधर लगाओ, इसको ज़्यादा ज़रूरत है." सगळे हसले. सहा-सात महिने असेच गेले, सुखाचे. सुखाचे म्हणायला आता जीभ अडखळते, पण ते होते.

दसऱ्याच्या आसपास मेजरांनी मला बोलावलं. प्रथमच ते कचेरीच्या आत, टेबलाशी बसले होते. म्हणाले, "वो सात आदमी. पूरा नाम, बाप का नाम, उम्र, सब लिख के दो. ऊपर भेजना है. इन्हीं के लिए अच्छा है."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! अखेर कागद होणार. मी चांगल्या अक्षरात, एकाही काटछाटीशिवाय, सात नावं लिहून दिली. वर त्यांच्या गल्ल्यासुद्धा लिहिल्या, त्यांनी मागितल्या नव्हत्या तरी.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी कचेरीच्या पायरीवर कोणी बूट पुसत नव्हतं. मेजर गेले होते. कोणाला न सांगता, पहाटे. लिंबाखालची खुर्ची तेवढी राहिली. दुपारी मुंबई इलाख्यातून आलेले नवे मुलकी अधिकारी हजर झाले. सभ्य गृहस्थ, चष्मा, हळू बोलणं. शिपायांकडून कळलं की बदलीचा हुकूम महिन्यापूर्वीच आला होता. म्हणजे नावं लिहून घेताना मेजरांना ठाऊक होतं की आपण चाललो. मला तेव्हा वाईट वाटलं ते एवढंच, की आमचा निरोपही घेतला नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी पोलीस अणदूरला गेले आणि सातहीजणांना घेऊन आले. हुसेनभाईंच्या हातात बांगड्यांची माळ होती, एका बाईला भरता भरता त्यांना उठवलं.

मी धावत नव्या साहेबांकडं गेलो. "साहेब, चूक होतेय. हे लोक स्वतः आलेत. मेजरसाहेबांनी शब्द दिलाय, अभय दिलंय."

"अभयाचा काही लेखी हुकूम?"

"लेखी नाही. बेलभंडार उचलला होता. सगळ्या गावादेखत."

ते हसले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. त्यांनी फाईल उघडून मेजरांचा अहवाल काढला. इंग्रजीत होता, त्यांनी मला मराठीत सांगितला. मेजरांच्या कारकिर्दीतली कामगिरी. त्यात एक कलम: 'फरारी रझाकारांविरुद्ध मोहीम राबवून सात इसम पकडले. चौकशी होईपर्यंत गावातच नजरेखाली ठेवले आहेत. पुढील कारवाई मुलकी अधिकाऱ्यांनी करावी.' खाली सही. आणि मागं टाचणी लावून माझा कागद. सात नावं, बापांची नावं, गल्ल्या. माझं सुरेख अक्षर.

मोहीम! चहा प्यायची मोहीम. अत्तर लावून घ्यायची मोहीम. आयुष्यात इतका राग मला कोणाचा आला नाही, आणि तो कोणावर काढावा हेही कळेना, कारण त्या फाईलीत दोनच अक्षरं होती, एक त्यांचं आणि एक माझं.

हुसेनभाई सव्वा वर्ष तुरुंगात होते. पुरावा नाही म्हणून सुटले. तोवर दुकानात टोपीवाल्यांपैकी एकाच्या मेहुण्यानं किराणा घातला होता. शिवलिंगप्पांनी अडवायचा प्रयत्न केला, त्यांना धक्काबुक्की झाली. हुसेनभाई सोलापूरला गेले आणि तिथं हातगाडीवर बांगड्या विकू लागले. मी त्यांना एकदाच भेटलो. माफी मागायला गेलो होतो, पण त्यांना बघून रडूच आलं. त्यांनीच बाजूला पेटी सरकवून बसायला जागा केली. म्हणाले, "मुन्शी, रोते कायकू? देव झूटा नै. ह्या मुलखाचा देव, ह्या मुलखातल्या मान्साला धरतो. त्यो सायब पहाडातला. त्याला काय आन् कुनाचा भेव? हमीच गलत आदमी के हात में दिये." मग म्हणाले, "पर तुमी त्याला वळखत हुता की. रोज संगं चालत हुता."

शब्द देणारा खुर्चीत असतो तेव्हा तो शब्द खुर्चीचा, असं आम्ही धरून चाललो. आमच्याकडं पाटलानं शब्द दिला तर त्याच्यामागून त्याचा पोरगा तो पाळतो. खुर्ची रिकामी करताना शब्दही गुंडाळून नेता येतो, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

मेजर नेगींना मी शेवटचं पाहिलं ते त्या अटकेनंतर तिसऱ्याच दिवशी. त्यांची तुकडी सोलापूर स्टेशनवर गाडीची वाट पाहत आहे असं कळलं. मी सर्व्हिस मोटारीनं सोलापूर गाठलं. निघण्याआधी खैरूनभाभी म्हणाल्या होत्या, "दोन वळी लिवून आना भाऊ. ते सोता आले व्हते, येवढंच." तेवढंच पाहिजे होतं. नव्या साहेबांनीही कबूल केलं होतं, की मेजरांनी तसं लिहून दिलं तर माणसं सोडता येतील.

मेजर फलाटावर होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, खोटं कशाला सांगू. "अरे मुन्शीजी!" त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला, चहा मागवला. मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि सवयीनं चालत होते, फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मीही सवयीनं बरोबर चालत होतो. सांगून झाल्यावर मी कागद आणि टाक पुढं केला. दोन ओळी मी आधीच हिंदीत लिहून आणल्या होत्या, सही तेवढी हवी होती.

त्यांनी कागद वाचला. घडी घातली. माझ्या हातात परत दिला.

"मुन्शीजी, चार्ज दे चुका हूँ. अब मैं वहाँ का कोई नहीं."

"साहेब, पण तुम्ही उचलला होता. बेलभंडार."

ते माझ्याकडं थोडं आश्चर्यानं, थोडं मायेनं बघत राहिले. लहान मूल काहीतरी भलतंच मागतं तेव्हा बघतात तसं. "वो तो तुम लोगों की तसल्ली के लिए था," ते म्हणाले.

त्यांना लाज वाटत होती का, हे मी आजवर शोधतोय. वाटत असती तर मला बरं वाटलं असतं. पण त्या चेहऱ्यावर काही नव्हतं. काम संपवून पुढच्या कामाला निघालेल्या माणसाचा चेहरा होता तो.

गाडी आली. जवान चढले, ट्रंका चढल्या. मेजर डब्याच्या दारात उभे राहिले. गाडी हलली तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघून हात उंचावला, अगदी मोकळेपणानं, जिवलगाला करावा तसा. मी त्यांना शिव्या द्यायला हव्या होत्या. निदान पाठ तरी फिरवायला हवी होती. सही न झालेला कागद माझ्या डाव्या हातात होता, आणि उजवा हात आपोआप वर गेला.

गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी तो हलवत होतो. परत आल्यावर खैरूनभाभींना मी सगळं सांगितलं. हे तेवढं सांगितलं नाही.